रिपोर्टमधे "नक्की सांगता येत नाही" असं आलं तर मधले तीन महिने कसे काढायचे

मे महिना होता. घरात मुंबईचे चाकरमानी आलेले, पडवीत आंब्याच्या पेट्या, सासूबाई आणि जाऊबाई उन्हात साठं घालत होत्या आणि माझ्या मोबाईलवर सिटी स्कॅनची पीडीएफ आली. वार शनिवार, वेळ संध्याकाळची, आणि डॉक्टरांची ओपीडी मंगळवारी. चार वर्षांपूर्वी डाव्या बाजूच्या ब्रेस्ट कॅन्सरची माझी सगळी ट्रीटमेंट झाली, ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन), आता फक्त रोजची एक गोळी चालू आहे. महिनाभर खोकला जाईना म्हणून डॉक्टरांनी छातीचा सिटी सांगितला तो आम्ही घाट चढून कोल्हापूरला जाऊन केला. पीडीएफ उघडली आणि सरळ शेवटच्या ओळींवर गेले. उजव्या फुफ्फुसात ५ मिमीचा नोड्यूल (बारीक गाठ), इनडिटर्मिनेट, फॉलोअप सजेस्टेड. बाहेर सगळे हसत होते आणि मी न्हाणीघरात दार लावून बसले.

त्यानंतरचे तीन महिने मी काय काय चुका केल्या आणि काय केल्यावर थोडं बरं वाटलं ते सगळं लिहितेय, कारण तेव्हा मला हे मराठीत कोणी सांगितलं नव्हतं. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. तुमच्या रिपोर्टबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिलं म्हणजे त्या शब्दाचा अर्थ

आमच्या गावात काही अडलं की देवळात कौल लावतात. गुरव देवाला कळे (फुलांच्या कळ्या) लावतो, उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. पण कधीकधी कुठलाच पडत नाही, माणसं तासभर ताटकळत बसतात. इनडिटर्मिनेट म्हणजे हे, कौल पडलेला नाही. मी त्या रात्री तो शब्द "परत आला" असा वाचला आणि तसा तो नव्हता. रेडिओलॉजिस्टला एक ठिपका दिसला, तो कॅन्सरचा आहे असंही त्याला म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही, म्हणून त्याने प्रामाणिकपणे तेवढंच लिहिलं.

बाकीचे शब्द पण बघून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी छातीत धस्स होणार नाही. "नॉन स्पेसिफिक" म्हणजे हे दिसणं बऱ्याच कारणांनी होऊ शकतं. "सबसेंटिमेट्रिक" म्हणजे १ सेंटिमीटरपेक्षा लहान. "कॅनॉट बी रूल्ड आऊट" हे वाक्य सगळ्यात घाबरवणारं, पण त्याचा अर्थ शक्यता मोठी आहे असा नाही, शून्य आहे असं छातीठोक सांगता येत नाही इतकाच. "क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरने तब्येत, जुना आजार, रक्ताचे रिपोर्ट हे सगळं जोडून बघावं, रेडिओलॉजिस्टसमोर फक्त फोटो असतो, तुम्ही नसता. मॅमोग्राफीत बायरॅड्स म्हणून आकडा असतो, त्यात ० म्हणजे माहिती अपुरी आहे, अजून फोटो किंवा सोनोग्राफी लागेल. ३ म्हणजे बहुतेक साधंच आहे, कॅन्सर निघायची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, म्हणून साधारण ६ महिन्यांनी परत बघायचं. माझ्या ओळखीतल्या एक काकू ० आकडा बघून "काहीच नाही" म्हणून निवांत बसल्या होत्या आणि दुसऱ्या एकजणी ३ बघून तिसरी स्टेज समजून रडत होत्या, तेव्हा आकडा आणि स्टेज यांचा काही संबंध नाही हे घरातल्यांनाही सांगून ठेवा.

ठिपके कशाकशाने दिसतात

हे मला डॉक्टरांनी ओपीडीत पाच मिनिटांत सांगितलं आणि तेवढ्यानं माझा निम्मा भार उतरला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

फुफ्फुसातल्या बारीक गाठी खूप जणांना असतात, कॅन्सर कधीच न झालेल्यांनासुद्धा. आपल्या देशात टीबी इतका पसरलेला आहे की लहानपणी कधीतरी जंतू शिरून शरीराने त्यांना आतच कोंडून टाकलेलं असतं आणि त्याची खूण आयुष्यभर राहते. न्युमोनिया, कोविड यांचे वण राहतात. ज्या बाजूला शेक दिलाय तिथल्या फुफ्फुसाच्या पुढच्या कडेला थोडा भाग सुकल्यासारखा होतो, तोही स्कॅनमधे दिसतो, आणि शेक संपल्यावर पहिल्या सहाएक महिन्यांत तिथे सूज आलेली असते ती तर अजूनच ठळक दिसते.

पेट स्कॅनमधे किरणोत्सारी साखर टोचतात, आणि जे जे साखर जास्त खातं ते चमकतं. कॅन्सर चमकतो तसंच इन्फेक्शन चमकतं, टीबी चमकतो, सुजलेला दात चमकतो, ऑपरेशनची जागा चमकते, आणि नुकतीच लस घेतली असेल तर त्या बाजूच्या काखेतल्या गाठीही चमकतात. उलट बाजूने, साधारण ८ मिमीपेक्षा लहान गाठीबद्दल पेट भरवशाने काही सांगू शकत नाही. म्हणून आमच्या भावोजींनी "पैशाचं बघू आपण, उद्याच्या उद्या पेट करून टाकू" म्हटलं तेव्हा डॉक्टर नको म्हणाल्या, ५ मिमीला तो निगेटिव्ह आला तरी कोणाला खात्री वाटणार नव्हती.

बोन स्कॅनमधे जिथे हाड स्वतःला दुरुस्त करतंय ती जागा काळी दिसते. गुडघ्याची झीज, मणक्याची झीज, आणि दोन महिन्यांपूर्वी शेवाळावरून घसरून बरगडीला लागलेला मार हे सगळं त्यात येतं. पावसाळ्यात आपल्याकडे अंगणात घसरून न पडलेली बाई शोधून सापडणार नाही, तेव्हा कुठे, कधी पडलात ते स्कॅनच्या आधी नक्की सांगा. लिव्हरमधे साध्या पाण्याच्या गाठी आणि रक्तवाहिन्यांचे गुच्छ असतात, टॅमॉक्सिफेनने (ब्रेस्ट कॅन्सरनंतर बऱ्याच जणींना रोज घ्यावी लागणारी हार्मोनविरोधी गोळी) लिव्हरवर चरबी चढते आणि त्यामुळे चित्र गढूळ दिसतं. त्याच गोळीने गर्भाशयाचं अस्तर जाड झालेलं सोनोग्राफीत दिसतं आणि मग तिकडे वेगळीच धावपळ सुरू होते, अशा वेळी गोळी चालू आहे हे सोनोग्राफीवाल्यांना माहीत पाहिजे, आणि पाळी गेल्यावर परत थोडंसं जरी रक्त गेलं तरी मात्र लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

हे सगळं वाचून "म्हणजे माझं काहीच नाही" असं धरून बसू नका. कॅन्सर परत येऊ शकतो, बरेचदा तो हाडं, फुफ्फुसं, लिव्हर इथेच येतो आणि म्हणूनच डॉक्टर परत बघायला सांगतात.

मंगळवारपर्यंत काय करायचं

माझी पहिली चूक म्हणजे ती पीडीएफ मी एकटीने, शनिवारी, उघडली. आता आमच्या घरात ठरलेलं आहे, रिपोर्ट मुलीच्या मोबाईलवर येतो, ती उघडते, आणि ओपीडीच्या आदल्या दिवशी किंवा थेट ओपीडीतच मला कळतं. तुम्हाला लगेच वाचल्याशिवाय चैन पडत नसेल तर वाचा, पण आधी ठरवून वाचा, कोण सोबत असेल आणि त्यानंतर कोणाला फोन लावता येईल. स्कॅनची अपॉइंटमेंट घेतानाच डॉक्टरांची तारीख घ्या, दोन्हीच्या मधे शनिवार-रविवार पडू देऊ नका.

दुसरी चूक, रात्री दोन वाजता नेटवर शोधत बसले. तिथे ५ मिमीचं लिहिलंय का ५ सेंटिमीटरचं, अमेरिकेतल्या सिगारेट ओढणाऱ्या माणसाचं लिहिलंय का माझ्यासारखीचं, हे बघायचं भान त्या वेळी कोणाला असतं. छोट्या नोड्यूलसाठी जे सर्वसाधारण नियम नेटवर सापडतात ते कॅन्सर होऊन गेलेल्यांना लागूच होत नाहीत, आपलं वेळापत्रक वेगळं असतं, हेही मला नंतर कळलं.

त्यापेक्षा ते तीन दिवस जुनी फाईल शोधण्यात घालवा. खरंच सांगते, सगळ्यात उपयोगाचं काम हेच आहे. एकच फोटो बघून रेडिओलॉजिस्ट फार काही बोलू शकत नाही, दोन फोटो शेजारी ठेवले की बोलू शकतो. चार वर्षांपूर्वी तोच ठिपका तेवढाच होता असं दिसलं तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. मी जिथे स्कॅन केला तिथे मला जुन्या सीडीबद्दल कोणी विचारलंच नाही आणि मलाही ते सुचलं नाही, नाहीतर कदाचित रिपोर्टची ती ओळ वेगळी आली असती, याची मला अजून हळहळ वाटते. जुनी सीडी माळ्यावर बॅगेत सापडली. आणि इथे एक कोकणातली अडचण सांगते, आपल्या दमट हवेत फिल्म पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात आणि सीडीला बुरशी धरते. कागदांचे फोटो काढून ठेवा, सीडी कॉम्प्युटरवाल्याकडून पेनड्राईव्हवर घ्या, आणि मूळ वस्तू पापड-कुरड्यांसारख्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फक्त रिपोर्टचा कागद पुरत नाही, आतली चित्रं लागतात, म्हणून सेंटरमधून निघताना सीडी मागूनच निघायचं.

ओपीडीत काय विचारायचं

डॉक्टरसमोर बसलं की डोकं रिकामं होतं. वहीत लिहून न्या आणि सोबत कोणीतरी न्या जो ऐकेल आणि लिहून घेईल. आमचे हे सोबत होते पण माझ्यापेक्षा तेच घाबरलेले, त्यामुळे लिहायचं काम मुलीला दिलं.

मी विचारलेलं असं होतं. हा ठिपका जुन्या स्कॅनमधे होता का, आणि नसेल तर तेव्हाचा स्कॅन इतका बारीक होता का की दिसला असता? तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कुठल्या बाजूला कल आहे? (बरेच डॉक्टर विचारल्याशिवाय हे सांगत नाहीत, विचारलं की सांगतात.) आत्ता सुई घालून तुकडा का काढत नाही? परत स्कॅन कधी, कुठला, आणि त्यात किती फरक दिसला तर आपण काय करणार? मधल्या काळात काय झालं तर मी तारखेची वाट न बघता यायचं? आणि फोन कोणाला करायचा?

उत्तरं अशी मिळाली. जुना स्कॅन जाड कापांचा होता, म्हणजे शरीराचे ५-५ मिमीचे काप घेऊन काढलेला, त्यात एवढासा ठिपका दोन कापांच्या मधे हरवू शकतो. म्हणजे जुनी सीडी सापडूनसुद्धा माझा कौल काही पडला नाही. तुकडा काढायला ५ मिमी फार लहान, सुई चुकू शकते आणि फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर येऊ शकते. डॉक्टरांचा कल साध्याच कारणाकडे होता. तीन महिन्यांनी परत सिटी.

तीन महिने का, तीन आठवड्यांनी का नाही, यावर मी तिथे जरा भांडलेच. त्यांनी समजावलं की गाठ वाढणारी असली तरी तीन आठवड्यांत फरक मोजता येण्याइतका होत नाही, एकाच गाठीचं माप दोन वेळा घेतलं तरी मिलीमीटर-दीड मिलीमीटर इकडेतिकडे येतं, मग ५ चं ६ झालं म्हणून उगाच हाहाकार व्हायचा. मला ते पटलं ते माझ्या पद्धतीने. पेरलेलं भात दुसऱ्या दिवशी उकरून बघितलं तर काय कळणार, रुजून वर यायला दिवस द्यावेच लागतात.

"पण तेवढ्यात वाढलं तर?" हा प्रश्न सगळ्यांच्याच घशात अडकलेला असतो. यावर १९९४ साली इटलीतले दोन मोठे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले, दोन्ही मिळून अडीच हजाराहून जास्त बायका होत्या. ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटनंतर काहीजणींचे ठराविक काळाने हाडांचे, छातीचे वगैरे तपास लक्षणं नसतानाही करत राहिले आणि काहीजणींची साधी तपासणी आणि मॅमोग्राफी केली. जगण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. तेव्हापासून औषधं खूप बदलली, तरी सुरुवातीच्या स्टेजचा कॅन्सर होऊन गेलेल्या आणि काही त्रास नसलेल्या बाईने दरवर्षी पेट स्कॅन, बोन स्कॅन, ट्यूमर मार्कर (कॅन्सरची खूण शोधणारी रक्ततपासणी) करत बसू नये हाच सल्ला अजून दिला जातो, वर्षाला मॅमोग्राफी आणि डॉक्टरांकडून नियमित तपासणी एवढंच सांगतात. म्हणून "फुल बॉडी पॅकेज"च्या जाहिराती बघून स्वतःच्या मनाने स्कॅन करून येऊ नका. जितकं उगाच शोधाल तितके असे न पडलेले कौल घरी आणाल. सीए १५-३ हा मार्करसुद्धा लिव्हरच्या साध्या दुखण्याने वर जाऊ शकतो.

तारखेची वाट बघायची नाही अशा गोष्टी

हे फ्रीजवर चिकटवून ठेवा. पाठीचं किंवा हाडाचं नवीन दुखणं जे वाढतच चाललंय आणि रात्री झोपेतून उठवतं. धाप लागणं, खोकल्यातून रक्त. डोळे पिवळे होणं. सतत डोकं दुखून उलट्या, फिट येणं. ऑपरेशनच्या वणावर, काखेत किंवा गळ्याच्या हाडाच्या वर नवीन गाठ. वजन कारण नसताना उतरणं. या सगळ्याला एक-दोन दिवसांत डॉक्टरांना फोन, आणि खूप धाप, रक्त किंवा फिट असेल तर थेट हॉस्पिटल. पाय अचानक लुळे वाटायला लागले, कमरेखाली बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी, त्याच तासाला निघायचं, मणक्यातल्या नसेवर दाब येत असू शकतो आणि तिथे उशीर झाला तर गेलेली ताकद परत येत नाही. आपल्याकडून मोठं हॉस्पिटल चार-सहा तास लांब असतं, म्हणून गाडी कोणाची, रात्री कोण येईल, हे आधीच बोलून ठेवा.

घर, शेजार आणि गजाली

वाडीत काही लपत नाही. बाजारात मासे घ्यायला गेले तरी, "काय गो, रिपोर्ट इलो? बरा मां सगळा?" विचारणाऱ्याच्या मनात माया असते हे मला माहिती आहे, पण दिवसातून सहा वेळा तेच सांगायचं म्हणजे सहा वेळा तेच जगायचं. मी एक वाक्य ठरवून ठेवलं, "एक बारीक ठिपका आहे, ऑगस्टात परत बघणार, तोवर देवाक काळजी." एवढंच बोलून विषय बांगड्याच्या भावाकडे न्यायचा. आणि कोणी "आमच्या शेजारच्या अमकीचं पण असंच निघालेलं, मग..." अशी सुरुवात केली की तिथेच हात धरून थांबवायचं, "वयनी, ही गोष्ट मला नको आत्ता." कोणी रागावलं नाही, उलट पुढच्या वेळी जपून बोलल्या.

सासूबाईंनी देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, उजवा पडला. त्या रात्री त्या दीड महिन्यात पहिल्यांदा शांत झोपल्या आणि मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. फक्त मी त्यांना सांगितलं की आई, देवाने हो म्हटलंय तरी ऑगस्टची तारीख चुकवायची नाही, आणि त्यांनी स्वतःच कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केला. ज्याची जी श्रद्धा आहे ती ठेवा, तारीख तेवढी हलवू नका. पण कोणी गावठी मुळी, काढा, पावडर आणून दिली तर मात्र नम्रपणे बाजूला ठेवा किंवा डॉक्टरांना दाखवा, काही काढ्यांनी लिव्हर बिघडतं आणि मग एका ठिपक्यात लिव्हरच्या रिपोर्टची भर पडते.

मुलांना किती सांगायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही धाकट्याला दहावी आहे म्हणून सांगितलं नाही आणि त्याला ते भिंतीआडून कळलंच, तो महिनाभर गप्प गप्प होता. मला आता वाटतं सांगायला हवं होतं.

रात्री

दिवस निघून जातो. जून लागला की आपल्याकडे कामाला तोटा नाही, तरवा, लावणी, शेणी आत घेणं, लाकडं झाकणं. रात्र मोठी. पाऊस कौलांवर पडत असतो, लाईट गेलेली असते आणि डोक्यात ५ मिमी. मी काय केलं तर काळजीला वेळ ठरवून दिली, संध्याकाळी दिवा लावल्यावर अर्धा तास. त्या वेळात वही घेऊन बसायचं, जे जे वाटतं ते लिहायचं, डॉक्टरांना विचारायचं असेल त्याच्यापुढे खूण करायची. रात्री तोच विचार आला की मनात म्हणायचं, हे वहीत लिहिलंय, उद्या दिव्याच्या वेळी बघू. पहिले आठ-दहा दिवस याचा काही उपयोग झाला नाही, नंतर झाला. रात्री मोबाईल माजघरात ठेवायला लागले त्याचाही झाला.

आणि खोकला आला, कंबर दुखली की लगेच "तेच असेल" वाटतं. मी एक नियम केला, नवीन दुखणं दोन आठवडे लिहून ठेवायचं, कमी होतंय का वाढतंय ते बघायचं, वर लिहिलेल्या लक्षणांपैकी असेल तर सोडून. लावणीनंतर कंबर दुखते ती सगळ्या वाडीचीच दुखते.

झोप, भूक उडाली, रडू थांबेना, जगण्यात राम नाही असं वाटायला लागलं तर एकटीने ओढत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलात तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं पहिल्यांदा सांगा, पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनसारखी काही औषधं त्या गोळीचा परिणाम कमी करतात, दुसरी चालणारी असतात. स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका.

परत स्कॅनला जाताना

जमलं तर त्याच सेंटरला, त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने करा, म्हणजे तुलना नीट होते. तारीख पावसाळ्यात पडली तर एक दिवस आधी निघा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागलेलं असतं, गाड्या हळू चालतात, दरड आली तर अडकून पडतात, आणि घाटाचंही तेच. गणपतीच्या आसपास तर तिकीट मिळणं कठीण, रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख मिळाली की त्याच दिवशी हिशोब करा. रात्रीची तुतारी धरली की सकाळी दादर आणि तिथून परळचं टाटा हॉस्पिटल जवळ. कॅन्सर पेशंटला ट्रीटमेंट किंवा तपासणीसाठी जाताना रेल्वेत सवलत आहे, स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं पूर्ण भाडं माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के, त्यासाठी हॉस्पिटलकडून ठराविक नमुन्यातला दाखला भरून घ्यायचा आणि खिडकीवर तिकीट काढायचं. एसटीत तर मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. मुंबईत राहायची सोय नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे चौकशी करा, जागा असेल तर मिळते, म्हणून आधी फोन.

पेट असेल तर ४ ते ६ तास उपाशी, पाणी चालतं, डायबेटिस असेल तर गोळी-इन्सुलिनचं सेंटरला आधी विचारा कारण साखर वाढलेली असली तर स्कॅन पुढे ढकलतात. आदल्या दिवशी अंगमेहनत नको, काम केलेले स्नायूपण चमकतात. शाल न्या, एसीत कुडकुडलात की मानेभोवतीची चरबी चमकते. ताप, सर्दी, दाताचं दुखणं, नवीन लस, पडणं हे सगळं सांगा. सुई ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात घ्यायला सांगा, सांगायला लाजू नका. घरी आल्यावर तो दिवस लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब बसा. पुढे लस घ्यायची असेल तर तीही दुसऱ्या बाजूच्या हातात, आणि स्कॅनच्या तोंडावर नको.

निकालाच्या तीन वाटा आहेत आणि तिन्हींबद्दल आधीच बोलून घेतलेलं बरं. लहान झालं किंवा गेलं तर बहुतेक इन्फेक्शन होतं. तेवढंच राहिलं तर चांगली खूण, पण अजून एकदोनदा बघतात. वाढलं तर तुकडा काढतात, आणि त्यात कॅन्सर निघालाच तर ईआर, पीआर, हर टू (औषध ठरवायला गाठीत बघतात त्या तीन खुणा) परत तपासतात कारण ते आधीपेक्षा बदललेलं असू शकतं आणि औषध त्यावरच ठरतं. माझ्यासोबत ओपीडीत बसणारी देवगडकडची एक बाई आहे, तिचं वाढलेलं निघालं, हाडातही होतं. ती गेली तीन वर्षं गोळ्यांवर आहे, काजूची बाग स्वतः बघते. तिने मला पहिल्या दिवशी सांगितलेलं, "बाय, मला कळल्यावर जेवढं भ्यायला झालं त्याच्यापेक्षा कळायच्या आधी जास्त झालेलं."

माझा ऑगस्टचा सिटी झाला, ठिपका ५ मिमीच आहे. रिपोर्टमधे स्टेबल असं लिहिलंय आणि त्याच्यापुढे परत तोच इनडिटर्मिनेट. खोकला जुलैतच गेला होता, ॲसिडिटीचा होता. पुढची तारीख फेब्रुवारीत आहे, तेव्हा बागेत मोहोर असेल आणि फवारणीची गडबड, म्हणून ह्यांनी आत्ताच माणूस सांगून ठेवलाय. सीडी पेनड्राईव्हवर घेतली. वहीत सध्या दोनच प्रश्न आहेत.